लहान शहरातले बेघर: इमारतीआधी नावांची यादी

साधारण सत्तर हजार वस्तीच्या शहरातल्या एका नगरसेवकांनी प्रश्न विचारला आहे. गेल्या चार-पाच वर्षांत बसस्थानकामागे, नदीकाठी, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर झोपणारी माणसे डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहेत. सभागृहात दोन तट पडले आहेत. एका गटाला उघड्यावर झोपण्यावर बंदी आणि दंड हवा आहे, दुसऱ्याला मोठा निवारा बांधायचा आहे. निवारा काढला तर आजूबाजूचे सगळे बेघर इथेच येतील, ही धास्ती मात्र दोन्ही गटांना आहे. पैसा जेमतेम आहे. सुरुवात कुठून करावी?

मी बरीच वर्षे याच कामात आहे. आधी रस्त्यावर फिरून लोकांशी बोलण्याचे काम केले, मग निवारा चालवला, आता पालिकांसोबत बसून आराखडे करतो. माझे उत्तर असे की पहिला पैसा एका माणसाच्या पगारावर खर्च करा, जो शहरातल्या प्रत्येक बेघर व्यक्तीला नावाने ओळखेल. दंडाची वसुली आणि इमारतीचे बांधकाम, दोन्ही त्यानंतर बोलू. लहान शहराकडे पैसा कमी, जागा कमी, मानसोपचारतज्ज्ञ तर बहुधा एखादाच. पण महानगराला कधीच न मिळणारी एक सोय तुमच्याकडे आहे: तुमचा आकडा नावांत मोडता येतो. ऐंशी बेघर म्हणजे ऐंशी वेगवेगळ्या अडचणी, आणि ऐंशी अडचणी एका टेबलाभोवती बसून हाताळता येतात.

आधी हे लोक कोण आहेत ते बघू, कारण सभागृहातले अर्धे भांडण तिथूनच सुरू होते. बरीच शहरे वर्षातून एका रात्री मोजणी करतात. अमेरिकेत ती जानेवारीच्या अखेरीस होते. २०२४ च्या मोजणीत देशभर ७,७१,४८० लोक बेघर आढळले, आदल्या वर्षीपेक्षा १८ टक्के जास्त. कल कुठे चालला आहे हे अशा आकड्यातून कळते. पण एखाद्या शहराने काय करावे हे त्यातून कळत नाही. नातेवाइकांकडे आलटून पालटून दिवस काढणारे कुटुंब त्यात धरले जात नाही, गाडीत झोपणारा कामगार सुटतो, आणि भीतीने शहराबाहेर सरकलेली एकटी बाई कुणाच्याच नजरेस पडत नाही.

डेनिस कल्हेन आणि रँडल कून या अमेरिकी संशोधकांनी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियामधल्या निवाऱ्यांच्या नोंदी तपासून १९९८ मध्ये एक मांडणी केली, ती मला आजही सर्वांत उपयोगी वाटते. निवाऱ्यात येणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक थोड्या काळासाठी येतात आणि बहुतेक पुन्हा येत नाहीत. साधारण १० टक्के ये-जा करत राहतात. उरलेले १० टक्के दीर्घकाळ राहतात आणि निवाऱ्यातल्या एकूण मुक्कामांपैकी जवळपास निम्मे मुक्काम त्यांचेच असतात. नगरसेवकांना रोज दिसणारी बसस्थानकामागची माणसे बहुतेक या शेवटच्या गटातली असतात. त्यांच्याकडे बघून संपूर्ण धोरण ठरते आणि तिथेच घोटाळा होतो. ज्या बाईला फक्त दोन महिन्यांचे थकलेले भाडे भरायला मदत हवी होती तिला व्यसनमुक्तीच्या समुपदेशनाला बसवले जाते, आणि ज्याला आयुष्यभर कुणाच्या तरी आधाराची गरज आहे त्याच्या हातात एक फॉर्म ठेवला जातो.

संख्या का वाढते, यावर प्रत्येकाचे ठाम मत असते: दारू, अमली पदार्थ, मानसिक आजार, आळस. आजार आणि व्यसने खरीच आहेत आणि ती माणसाला घर टिकवणे अवघड करतात. पण एका शहरात बेघर जास्त आणि दुसऱ्यात कमी का, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही. वेस्ट व्हर्जिनिया हे अमेरिकेतले गरीब राज्य. अमली पदार्थांच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण तिथे वर्षानुवर्षे देशात सर्वांत जास्त प्रमाणांपैकी आहे. तरीही लोकसंख्येच्या प्रमाणात तिथले बेघर कॅलिफोर्नियापेक्षा कितीतरी कमी आहेत, कारण तिथे अडखळलेल्या माणसालाही परवडेल असे छप्पर अजून मिळते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२० च्या अहवालात दाखवले की महिन्याचे मध्यक भाडे (निम्म्या घरांचे त्याहून जास्त, निम्म्यांचे कमी) १०० डॉलरने जास्त असते तिथे बेघरांचे प्रमाणही साधारण ९ टक्क्यांनी जास्त आढळते. घरे कमी पडू लागली की आधी कोण बाहेर फेकले जाईल हे आजार, व्यसन, घटस्फोट, हिंसा ठरवतात. किती जण बाहेर फेकले जातील हे भाडे आणि रिकाम्या घरांची संख्या ठरवते.

लहान शहरात हा फटका अचानक बसतो, कारण भाड्याच्या खोल्या मुळातच मोजक्या असतात. एखादा मोठा प्रकल्प आला आणि काही शे कामगार उतरले, जुन्या खोल्या पर्यटकांना रोजच्या दराने देणे सुरू झाले, एखादी जुनी चाळवजा इमारत पाडली, की वर्षभरात चित्र पालटते. आपत्तीने तर ते एका दिवसात पालटते. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावाला वणव्याने गिळले. १८ हजारांहून जास्त इमारती जळाल्या आणि हजारो लोक शेजारच्या चिको शहरात आले. चिको म्हणजे लाखभर वस्तीचे शहर. तिथली रिकामी घरे बघता बघता संपली आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर जे उभे होते ते रस्त्यावर आले.

आता बंदीविषयी. ओरेगनमधल्या ग्रँट्स पास या जेमतेम चाळीस हजार वस्तीच्या शहराचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या शहराने सार्वजनिक जागी अंथरूण-पांघरूण घेऊन झोपण्यावर २९५ डॉलर दंड ठेवला होता. बेघरांना शहर इतके गैरसोयीचे वाटायला हवे की ते पुढच्या रस्त्याला लागतील, असे तिथल्या परिषदेच्या अध्यक्षांनी २०१३ च्या एका बैठकीत बोलून दाखवले होते आणि ते न्यायालयीन नोंदींतही आले. जून २०२४ मध्ये न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला: अशी बंदी अमलात आणणे म्हणजे घटनेने निषिद्ध केलेली क्रूर शिक्षा ठरत नाही. या निकालानंतर अनेक लहान शहरांना बंदीचे नियम करण्याचा उत्साह आला. हंगेरीने तर २०१८ मध्येच थेट राज्यघटनेत तरतूद करून सार्वजनिक जागी वास्तव्य करण्यास मनाई केली.

कायद्याने चालते म्हणून त्याने प्रश्न सुटतो असे होत नाही. दंडाचे पुढे काय होते ते मी अनेकदा जवळून पाहिले आहे. तो भरला जात नाही, कारण भरायला पैसे असते तर माणूस तिथे झोपला नसता. न भरलेला दंड वाढतो, मग समन्स निघते, ते पोहोचवायला पत्ता नसतो, तारीख चुकते, वॉरंट निघते. दोन वर्षांनी कुणीतरी त्याला खोली द्यायला तयार होते तेव्हा घरमालक नोंदी तपासतो आणि नकार देतो. वस्ती उठवली जाते तेव्हा ओळखपत्र, औषधे आणि रुग्णालयाची कागदपत्रे बहुधा कचऱ्याच्या गाडीतून जातात. ओळखपत्र पुन्हा काढण्यात महिने जातात, आणि तोवर ना निवृत्तिवेतनाचा अर्ज पुढे सरकतो ना घराचा. शिवाय ज्या कार्यकर्तीने कित्येक आठवडे रोज जाऊन त्याच्याशी बोलण्याइतका विश्वास मिळवला असतो, तिला तो आता सापडत नाही. तो शहर सोडून गेलेला नसतो. फक्त जास्त अंधाऱ्या जागी गेलेला असतो.

काही जागांना नियम लागतातच. पुराच्या पात्रात कुणी झोपू नये, रुग्णालयाचे दार अडू नये, शाळेच्या फाटकाशी कुणाचा मुक्काम नसावा, यावर माझे दुमत नाही. मात्र ‘इथे नको’ म्हणताना ‘मग कुठे’ हे सांगता आले पाहिजे, आणि ती जागा माणसाने राहावे अशी हवी. चिकोने २०२१ मध्ये विमानतळाजवळची एक डांबरी मोकळी जागा दाखवून हाच आमचा निवारा असे न्यायालयात सांगून पाहिले. तिथे ना छप्पर होते ना भिंती. न्यायाधीशांनी तिला निवारा मानायला नकार दिला आणि पुढच्या वर्षी तडजोड होऊन शहराला १७७ छोट्या केबिनी उभ्या कराव्या लागल्या. वकिलांवर आणि सुनावण्यांवर आधी गेलेला पैसा त्याच केबिनींना लागला असता.

‘बाहेरचे येतील’ या धास्तीचे उत्तर थोडे सविस्तर द्यायला हवे, कारण तिच्यात चूक आणि बरोबर दोन्ही मिसळलेले आहे. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या वैद्यकीय विद्यापीठाने २०२३ मध्ये मोठे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. बेघर होण्याआधी ९० टक्के लोक त्याच राज्यात राहत होते, आणि ७५ टक्के लोक शेवटचे घर ज्या जिल्ह्यात होते त्याच जिल्ह्यात अजून होते. माणूस संकटात ओळखीच्या ठिकाणी चिकटून राहतो: जिथे पूर्वी काम केले, जिथे बहीण राहते, जिथला दुकानदार उधार देतो. त्यामुळे दूरवरून माणसे तुमच्या निवाऱ्याच्या ओढीने येतील ही कल्पना सोडून द्या.

पण आसपासच्या गावांतून लोक येतात, हे खरे आहे, आणि ते निवारा नसतानाही येत असतात. तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे रुग्णालय तुमच्याकडे असते, न्यायालय असते, तुरुंग असतो, बसचा शेवटचा थांबा असतो. उपचार संपले की माणूस रुग्णालयाच्या दारात सोडला जातो, सुटका झाली की तुरुंगाच्या फाटकाबाहेर. दोन्ही फाटके तुमच्या हद्दीत आहेत. म्हणून यादी करताना ‘शेवटचे स्थिर घर कुठे होते आणि इथे कशामुळे आलात’ हे दोन प्रश्न जरूर विचारा. याची उत्तरे हातात असली की शेजारच्या पालिका आणि जिल्हा प्रशासन यांच्याकडे खर्चाचा वाटा मागता येतो. बसचे तिकीट हातात देऊन माणसाला दुसऱ्या शहरात पाठवणे मात्र करू नका. पलीकडे खरोखर वाट बघणारे कुणी आहे, याची फोन करून खात्री केली असेल तर ती मदत ठरते. नसेल तर तुमची अडचण दुसऱ्याच्या दारात टाकणे होते, आणि शेजारची शहरेही मग तेच करू लागतात.

यादी म्हणजे नेमके काय, ते सांगतो. प्रत्येक व्यक्तीची एक नोंद: नाव किंवा ती सांगेल ते टोपणनाव, वय, किती काळापासून बेघर, रात्री साधारण कुठे असते, तब्येतीची तातडीची गोष्ट, कोणती कागदपत्रे आहेत, उत्पन्न काही आहे का, आणि तिला स्वतःला काय हवे आहे. हा शेवटचा रकाना बहुतेक सरकारी फॉर्मांत नसतो. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण उत्तरे फार वेगवेगळी येतात. कुणाला खोली हवी असते, कुणाला आधी पायाची जखम बरी करून हवी असते, कुणाला मुलीशी बोलणे करून हवे असते, आणि त्याशिवाय तो पुढच्या कशालाच तयार होत नाही.

नोंद संमतीने करायची आणि ती पोलिसांच्या किंवा अतिक्रमण विभागाच्या हाती जाणार नाही, असा लेखी ठराव पालिकेने आधी करायचा. लहान शहरात सगळे सगळ्यांना ओळखतात. एखाद्याच्या आजाराची गोष्ट बैठकीतून संध्याकाळपर्यंत बाजारात पोहोचू शकते. एकदा तसे झाले की पुढची माणसे खरे नाव सांगत नाहीत आणि यादी निरुपयोगी होते. म्हणून आजाराचे तपशील फक्त आरोग्य कर्मचाऱ्यांकडे ठेवा. बाकीच्यांना ‘वैद्यकीय तातडी आहे’ एवढे कळले तरी पुरते.

मग दर आठवड्याला, ठरल्या वारी, एक तासाची बैठक. टेबलावर पालिकेचा समन्वयक, रस्त्यावर फिरणारे कार्यकर्ते, निवारा असेल तर तिथला व्यवस्थापक, रुग्णालयातला समाजसेवा अधिकारी, तुरुंगातून सुटणाऱ्यांची माहिती देणारा कुणीतरी, आणि भाड्याच्या खोल्या शोधणारी व्यक्ती. धोरणावर चर्चा या बैठकीत करायची नाही, ती शिरली की तास तिथेच संपतो. एकेक नाव घ्यायचे: पुढची पायरी काय, ती कोण करणार, कधीपर्यंत. पुढच्या आठवड्यात तिथूनच सुरुवात. इलिनॉयमधल्या रॉकफर्डने, साधारण दीड लाख वस्तीच्या शहराने, अशाच नावांच्या यादीवर काम करून २०१५ च्या अखेरीस बेघर माजी सैनिकांचा आणि २०१७ च्या सुरुवातीला दीर्घकाळ बेघर असलेल्यांचा आकडा ‘कार्यात्मक शून्य’ म्हणतात त्या पातळीवर आणला. कार्यात्मक शून्य म्हणजे शहरात एकही बेघर नाही असे नव्हे. जेवढे लोक बेघर होतात त्यांना घर मिळवून देण्याची शहराची क्षमता तेवढी किंवा जास्त असणे, असा त्याचा अर्थ.

कॅनडातले मेडिसिन हॅट हे साठ-पासष्ट हजारांचे शहर २००९ पासून याच वाटेने चालले. पुढे तिथले महापौर झालेले टेड क्लगस्टन सुरुवातीला या कल्पनेच्या विरोधात होते. नंतर तेच तिचे सर्वांत बोलके समर्थक झाले. २०२१ मध्ये दीर्घकालीन बेघरपणाचे कार्यात्मक शून्य गाठणारे कॅनडातले पहिले शहर म्हणून त्याची नोंद झाली. तुमच्या सभागृहात दोन तट असतील तर ही गोष्ट तिथे जरूर सांगा.

आता निवारा. तो नको असे मी म्हणत नाही. थंडीत, पावसात, उष्णतेच्या लाटेत माणसे मरतात आणि त्यांना आज रात्रीच छप्पर लागते. पण निवाऱ्याचे नियम बहुधा लोकसंख्येच्या हिशेबाने केले जातात. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांना दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा काढायला सांगितले आणि पुढे केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानातही लाखामागे निवारा असाच हिशेब आला. त्या आदेशांनी अनेक जीव वाचवले असतील. पण लाखाच्या आतल्या शहराला या हिशेबातून काय करावे ते कळत नाही, आणि केलेच तर एक मोठा हॉल बांधला जातो. त्या हॉलमध्ये एकटी बाई येत नाही, नवरा-बायको वेगळे पडतात, किशोरवयीन मुलगा असलेली आई कुठल्याच विभागात बसत नाही.

‘निवारा आहे पण लोक येत नाहीत’ ही तक्रार ऐकली की मी आधी दारावरचा नियमफलक वाचतो. रात्री आठला दार बंद होते, तेव्हा हॉटेलात भांडी घासणारा माणूस कामावरच असतो. सकाळी सहाला सगळ्यांना बाहेर काढतात, तापाने फणफणलेल्यालाही. सामान ठेवायला जागा नाही. कुत्रा चालत नाही, आणि त्या माणसाला गेल्या पाच वर्षांत दगा न दिलेला जीव तोच एक असतो. ग्रँट्स पासमध्ये जो निवारा होता तो एका धार्मिक संस्थेचा होता. तिथे प्रार्थनेला हजर राहणे आणि धूम्रपान न करणे बंधनकारक होते. असे नियम करण्याचा त्या संस्थेला हक्क असेल, पण त्या खाटा शहराने सर्वांसाठी उपलब्ध म्हणून मोजू नयेत.

तुमच्याएवढ्या शहराला दोन-तीन लहान जागा पुरतात: दहा-बारा जणांची एक, स्त्रिया आणि मुलांसाठी पूर्णपणे वेगळी एक, आणि रुग्णालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्यांसाठी काही खाटा, जिथे परिचारिका रोज येऊन जाईल. चोवीस तास उघड्या, कुलपाच्या कपाटासह. प्रत्येक जागेत एक माणूस असा हवा, ज्याचे काम फक्त पुढचे घर शोधणे हे असेल. त्याच्याशिवाय निवारा महिनाभरात भरतो आणि मग भरलेलाच राहतो. फिनलंडने हे ओळखून निवारेच घरांत बदलले. हेलसिंकीतल्या सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या सुमारे २५० खाटांच्या निवाऱ्याच्या जागी स्वतंत्र किल्ली असलेली ८१ घरे झाली. खाटा कमी झाल्या, पण प्रत्येकाच्या हातात भाडेकरार आला.

आधी घर, मग उपचार, ही पद्धत सॅम सेंबेरिस यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केली. दारू सोडा, औषधे घ्या, मग घर देऊ, असा जुना क्रम त्यांनी उलटा केला. तिची सर्वांत मोठी चाचणी कॅनडात २००९ ते २०१३ या काळात झाली. पाच शहरे, दोन हजारांवर लोक, आणि त्यांत मॉन्क्टन हे लहान शहरही होते. शेवटच्या सहा महिन्यांत, आधी घर मिळालेल्या गटातले ६२ टक्के लोक पूर्ण काळ घरात टिकले. नेहमीच्या सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३१ टक्के होते. ‘यांना घर दिले तरी टिकत नाही’ असे म्हणणाऱ्यांना मी हे दोन आकडे दाखवतो. पैसे वाचतील असे आश्वासन मात्र सरसकट देऊ नका. त्या चाचणीत मोठी बचत दिसली ती सर्वांत जास्त खर्चिक १० टक्के लोकांच्या बाबतीत, जे सतत रुग्णालय, पोलीस कोठडी आणि रुग्णवाहिकेत असतात. बाकीच्यांना घर द्यायचे ते माणूस म्हणून, आणि त्याला खर्च येतो.

लहान शहरात मानसोपचारतज्ज्ञ, परिचारिका आणि समाजसेवक असे पूर्ण पथक उभे करता येत नाही. पण खोल्या मिळवता येतात, आणि त्यासाठी घरमालक सांभाळावे लागतात. मोजक्या घरमालकांच्या हातात बहुतेक खोल्या असतात आणि ते एकमेकांशी बोलतात. एकाचा अनुभव वाईट आला की पाच दारे बंद होतात. माझ्या अनुभवात घरमालकाला भाड्यापेक्षाही जास्त चिंता दुसऱ्याच गोष्टीची असते: रात्री अकराला वरच्या मजल्यावर आरडाओरडा सुरू झाला तर मी फोन कुणाला करू? त्या फोनला उत्तर देणारा आणि तासाभरात तिथे पोहोचणारा माणूस तुमच्याकडे असेल तर दारे उघडतात. सोबत नुकसानभरपाईचा एक छोटा निधी ठेवा. तो बऱ्याचदा फारसा वापरलाच जात नाही, पण आहे एवढ्याने घरमालकाला धीर येतो. पहिल्याच दिवशी भाडेकरूच्या हातात किल्लीबरोबर अंथरूण, भांडी आणि एक चालू फोन पडला पाहिजे.

घर मिळाल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात. रस्त्यावर माणसाला सोबत असते. खोलीत शांतता असते, आणि ती अनेकांना सोसत नाही. जुने सोबती राहायला येतात, शेजारी तक्रार करतात. त्या काळात आठवड्यातून दोनदा भेट हवी, नंतर हळूहळू कमी. न्यूयॉर्कच्या निवाऱ्यांतून बाहेर पडणाऱ्यांसाठी विकसित झालेल्या एका पद्धतीत हा आधार साधारण नऊ महिन्यांचा असतो आणि भर असतो तो शेजारी, दवाखाना, नातेवाईक यांच्याशी धागे जोडून देण्यावर. लहान शहरात हे तुलनेने सोपे जाते, कारण तो दवाखाना आणि ते नातेवाईक बहुधा चालत जाण्याच्या अंतरावर असतात.

खोल्याच नसतील तर? बंद पडलेली लॉज आणि मोटेल बघा. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कोविड साथीच्या काळात मुख्यतः केंद्र सरकारच्या मदतनिधीतून अशा इमारती विकत घेऊन त्यांची घरे करण्याची योजना काढली. प्रत्येक खोलीला न्हाणीघर आधीच असल्याने काम लवकर होते. स्वतःची बांधकाम नियमावलीही तपासा. एका घरात स्वतंत्र खोल्या भाड्याने देण्याला तुमच्याच नियमांनी मनाई केलेली असू शकते, आणि ती उठवायला एक पैसाही लागत नाही.

रस्त्यावर येण्याआधीच अडवणे हे सर्वांत स्वस्त, पण नेम धरायला अवघड. शिकागोत भाड्यासाठी एकदाच मदत मागणाऱ्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. निधी उपलब्ध असताना फोन केलेल्यांचे पुढच्या सहा महिन्यांत निवाऱ्यात येण्याचे प्रमाण, निधी नसताना फोन केलेल्यांपेक्षा ७६ टक्क्यांनी कमी होते. पण मदत न मिळालेल्यांपैकीही फार थोडेच शेवटी निवाऱ्यात आले होते. म्हणजे सगळ्यांना वाटले तर बराच पैसा अशांकडे जातो जे कसेबसे तगलेच असते. म्हणून आधी निवाऱ्यात राहून गेलेले, लहान मुले असलेले, भाडेकरारच नसलेले आणि कुणाच्या तरी घरातून बाहेर पडा असे सांगितले गेलेले, यांच्याकडे आधी बघा. वेल्सने २०१४ च्या कायद्याने पुढच्या ५६ दिवसांत बेघर होण्याची शक्यता असलेल्यांना मदत करणे हे स्थानिक प्रशासनाचे कर्तव्य ठरवले आणि इंग्लंडने २०१७ मध्ये तसाच कायदा केला. तुमच्यावर असा कायदा नसला तरी न्यायालयातल्या घर खाली करण्याच्या दाव्यांची यादी दर आठवड्याला मागवायला कुणाची हरकत नसते. रुग्णालय आणि तुरुंग यांच्याशी एवढाच करार करा की जायला घर नसलेल्या व्यक्तीची खबर सोडण्याआधी काही दिवस मिळेल, सोडल्यानंतर नाही.

शेजाऱ्यांचा विरोध होईल. जागा शेवटपर्यंत लपवून ठेवू नका. लपवल्याचा राग जागेच्या रागापेक्षा जास्त काळ टिकतो. जबाबदार व्यक्तीचे नाव, रात्री लागणारा फोन, स्वच्छतेचे वेळापत्रक लेखी द्या आणि पाळा. ‘आमच्या मुलींच्या सुरक्षिततेचे काय’ या प्रश्नाला भाषण देऊ नका. दिवे कुठे लागतील, पहारा कोण देईल, ते सांगा.

तुमच्या शहराच्या हातात नसलेल्या गोष्टीही सभागृहाला माहीत हव्यात. मेडिसिन हॅटमध्ये पुढे संख्या पुन्हा वाढली. फिनलंडमध्ये वर्षानुवर्षे घटत आलेला आकडा सामाजिक सुरक्षेतल्या कपातीनंतर २०२४ मध्ये ३,८०६ वर गेला, आदल्या वर्षीपेक्षा ३७७ ने जास्त. भाडे, निवृत्तिवेतन, मनोरुग्णालयांच्या खाटा यांचे निर्णय वर होतात, आणि ते चुकले तर चांगले चाललेले शहरही मागे जाते. वरच्या सरकारकडे मागणी करताना तुमच्याकडे स्वतःच्या यादीतले आकडे असले पाहिजेत.

ठराव मांडायचा असेल तर पहिल्या वर्षासाठी एक समन्वयक, रस्त्यावर फिरणारे दोन कार्यकर्ते (त्यांत एक तरी स्वतः बेघर राहिलेली व्यक्ती असेल तर उत्तम), आणि समन्वयकाला तीन सह्यांशिवाय खर्च करता येईल असा छोटा निधी, एवढेच मागा. अनामत, ओळखपत्राचे शुल्क, दाराचे कुलूप अशा किरकोळ खर्चांवर मोठी कामे अडतात. दर महिन्याला चार आकडे, नावांशिवाय, सभागृहापुढे ठेवा: नव्याने बेघर झालेले किती, घर मिळून पुन्हा रस्त्यावर आलेले किती, घरात गेलेले किती, आणि घरात जाऊन सहा महिने टिकलेले किती. पहिल्या काही महिन्यांत यादी वाढेल, कारण आधी न दिसणारी माणसे तिच्यात येत असतात. हे सभागृहाला आणि पत्रकारांना सुरुवातीलाच सांगून ठेवा, नाहीतर पालिकेने काम सुरू केले आणि बेघर वाढले, अशी बातमी होऊन तिसऱ्याच महिन्यात निधी थांबेल.